मायनर (इंग्रजी विशेषण)

मायनर हे इंग्रजी भाषेतील नेहमीच्या वापरातले विशेषण आहे. ‘दुसऱ्याहून लहान’, ‘कमी महत्त्वाचा’ आणि ‘वयात न आलेला’ हे त्याचे प्रमुख अर्थ होत. मराठीत त्याला एकच एक प्रतिशब्द नाही. संदर्भानुसार अल्पवयीन, अज्ञान, लघु, किरकोळ, दुय्यम आणि गौण असे निरनिराळे शब्द योजले जातात. यांपैकी ‘गौण’ हा पर्याय वनखात्याच्या आणि महसूल खात्याच्या मराठीत रूढ झाला. ‘गौण वनोपज’ व ‘गौण खनिज’ या दोन संज्ञांमुळे चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत हे विशेषण केवळ शब्दकोशाचा विषय राहिलेले नाही. बांबू ‘गौण’ आहे की नाही, या प्रश्नाच्या उत्तरावर तो कोणी तोडावा, कोणी विकावा आणि त्याचा पैसा कोणाच्या हाती जावा, हे तेथे ठरत आले आहे.

व्युत्पत्ती

हा शब्द लॅटिन भाषेतून इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये त्याचा उच्चार ‘मिनोर’ असा असून ते ‘लहान’ या अर्थाच्या विशेषणाचे तुलनावाचक रूप आहे. म्हणजे त्याचा मूळ अर्थ ‘लहान’ असा नसून ‘अधिक लहान’ असा आहे. वजाबाकीचे ‘मायनस’ हे चिन्ह याच शब्दाच्या नपुंसकलिंगी रूपावरून नाव घेऊन आले आहे. ‘मिनिस्टर’ हा शब्दही याच कुळातला. त्याचा मूळ अर्थ ‘हाताखालचा माणूस, सेवक’ असा होता. मंत्र्यांना त्याची आठवण क्वचितच होत असावी.

तुलनावाचक असल्यामुळे या शब्दाला नेहमी जोडीदार लागतो. ‘मेजर’ असल्याशिवाय ‘मायनर’ असू शकत नाही. परंतु इंग्रजीत आल्यावर तुलनेची दुसरी बाजू वाक्यातून गळाली. एखादी वस्तू ‘मायनर’ आहे एवढेच सांगितले जाते; ती कशाच्या मानाने लहान आणि कोणाच्या हिशेबात लहान, हे उघड सांगण्याची गरज वाटेनाशी झाली. या शब्दाच्या पुढच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ येथे आहे.

इंग्रजीतील विविध उपयोग

भूगोलात ‘आशिया मायनर’ म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा आशियाई भाग. मोठ्या आशिया खंडाहून वेगळा दाखवण्यासाठी हे नाव पडले. खगोलशास्त्रात ‘अर्सा मायनर’ म्हणजे लहान अस्वल. मराठीत या तारकासमूहाला ध्रुवमत्स्य म्हणतात आणि ध्रुवतारा त्याच्याच शेपटीच्या टोकाला आहे. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांदरम्यान मोठ्या संख्येने आढळणाऱ्या लहान खगोलांना ‘मायनर प्लॅनेट’ म्हणतात; मराठी शब्द लघुग्रह. या तिन्ही ठिकाणी विशेषण आकारमान सांगते, योग्यता सांगत नाही.

पाश्चात्त्य संगीतात ‘मेजर’ व ‘मायनर’ हे दोन स्वरसप्तकांचे प्रकार आहेत. दोहोंतील मुख्य फरक गांधाराचा. आधारस्वरापासून चार अर्धस्वरांवरचा गांधार असेल तर ‘मेजर’, तीन अर्धस्वरांवरचा असेल तर ‘मायनर’. आपल्या परिभाषेत शुद्ध आणि कोमल गांधार. ‘नॅचरल मायनर’ या सप्तकात गांधार, धैवत आणि निषाद हे तिन्ही कोमल असतात व ते भातखंडे पद्धतीतील आसावरी थाटाशी जुळते. येथे ‘मायनर’ म्हणजे कमी प्रतीचे असे कोणी म्हणणार नाही. मराठीने या जागी ‘कोमल’ हा शब्द वापरला आहे आणि तो मूळ शब्दाहून अधिक नेमका आहे.

कायद्यात वयाची विशिष्ट मर्यादा न गाठलेली व्यक्ती ‘मायनर’ असते. भारतात १८७५ च्या सज्ञानता अधिनियमाने ही मर्यादा सर्वसाधारणपणे १८ वर्षे ठरवली. वैद्यकात ‘मायनर ऑपरेशन’, हिशेबात ‘मायनर हेड’, पाटबंधारे खात्यात ‘मायनर इरिगेशन’ असे आणखी उपयोग आहेत. या विशेषणावरून झालेल्या ‘मायनॉरिटी’ या नामालाही दोन अर्थ आहेत: कायद्याने अजाण असण्याची अवस्था आणि संख्येने कमी असलेला गट. संदर्भ न पाहता भाषांतर करणाऱ्याची येथे हमखास फसगत होते.

मराठी प्रतिशब्द

इंग्रजीने जे काम एका शब्दावर भागवले ते मराठीने अनेकांत वाटून दिले आहे. वृत्तपत्रांत ‘अल्पवयीन’ हा शब्द सर्वत्र दिसतो. जुन्या कायदेशीर मराठीत मात्र ‘अज्ञान’ हा शब्द होता आणि त्याची जोडी ‘सज्ञान’ ही होती. ‘सज्ञान’ आजही प्रचारात आहे. ‘अज्ञान’ मुख्यतः जमिनीच्या कागदांत उरला आहे. सातबारा उताऱ्यावर एखाद्या नावापुढे ‘अ. पा. क.’ ही अक्षरे दिसतात. त्यांचा विस्तार ‘अज्ञान पालक कर्ता’ असा आहे. जमीन मुलाच्या नावावर असली तरी व्यवहार पालक करतो, असा त्याचा आशय. या प्रतिशब्दाने लहान वयाचे रूपांतर ज्ञानाच्या अभावात केले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याला कळत नाही असे मानले जाते, त्याच्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडे जातो.

‘किरकोळ’ हा शब्द अपघाताच्या बातमीत (‘तिघे किरकोळ जखमी’), दवाखान्यात आणि शिस्तभंगाच्या नियमांत येतो. सरकारी नोकरांच्या शिक्षांचे ‘जबर’ आणि ‘किरकोळ’ असे दोन वर्ग मराठीत केले जातात. ‘मेजर’साठी ‘जबर’ हा शब्द ज्याने योजला त्याला भाषेचा कान होता, यात शंका नाही. ‘दुय्यम’ हा फारसीतून आलेला शब्द पदांच्या उतरंडीसाठी राखलेला दिसतो, जसे दुय्यम निबंधक. ‘लघु’ हा आकारमानाचा शब्द. सिंचन प्रकल्पांचे मोठे, मध्यम व लघु असे वर्गीकरण लाभक्षेत्रावरून होते. २,००० हेक्टरपर्यंत लाभक्षेत्र असलेला प्रकल्प लघु, १०,००० हेक्टरपर्यंतचा मध्यम, त्यापुढचा मोठा. कालव्याच्या शेवटच्या टप्प्यातील लहान फाट्याला शेतकरी सरळ ‘मायनर’ म्हणतात. तेथे हे विशेषण नाम होऊन बसले आहे आणि त्याचे भाषांतर करण्याची गरज कोणाला वाटलेली नाही.

‘गौण’ शब्दाचा अर्थ

‘गौण’ हा शब्द संस्कृत ‘गुण’ यापासून झाला. मीमांसाशास्त्रात यज्ञातील मुख्य कर्म ते ‘प्रधान’ आणि त्याच्या सिद्धीसाठी असणारे ते ‘गुण’ किंवा अंग. शब्दार्थाच्या चर्चेत ‘मुलगा सिंह आहे’ यासारख्या वाक्यात ‘सिंह’ हा शब्द मूळ अर्थ सोडून शौर्याच्या गुणसाम्यामुळे मुलाला लावला जातो. तो गौण अर्थ. म्हणजे गौण हे क्षुल्लक नव्हे. ते दुसऱ्या कशाच्या तरी आश्रयाने आलेले असते एवढेच.

शालेय मराठी व्याकरणाने हा जुना अर्थ जपला आहे. मिश्र वाक्यात एक प्रधान वाक्य आणि त्यावर अवलंबून असलेले एक किंवा अधिक गौण वाक्ये असतात. ‘गुरुजींनी सांगितले की उद्या शाळेला सुट्टी आहे’ या वाक्यात ‘गुरुजींनी सांगितले’ हे प्रधान वाक्य आणि ‘उद्या शाळेला सुट्टी आहे’ हे गौण वाक्य. ऐकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने सगळा आनंद गौण वाक्यातच आहे. व्याकरणातील गौणत्व हे रचनेतील स्थान सांगते, आशयाचे मोल सांगत नाही. व्यवहारातील मराठीत मात्र ‘गौण’ म्हणजे ‘बिनमहत्त्वाचा’ असाच अर्थ स्थिरावला (‘तो मुद्दा गौण आहे’), आणि ‘मायनर’चे भाषांतर म्हणून हा शब्द सरकारी कागदात शिरला तेव्हा त्याबरोबर हा दुसरा अर्थही आला.

गौण वनोपज

इंग्रजी राजवटीत वनखाते स्थापन झाले ते मुख्यतः रेल्वे, जहाजे आणि बांधकामे यांना लागणाऱ्या लाकडासाठी. १८६४ मध्ये पहिले वनमहानिरीक्षक म्हणून नेमले गेलेले डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन होते आणि जर्मन वनशास्त्रातही लाकूड हा जंगलाचा मुख्य उपयोग व बाकीचे जोड-उपयोग, असा भेद केला जात असे. वनखात्याच्या हिशेबात सागवानासारखे इमारती लाकूड एका बाजूला आणि उरलेले सर्व, म्हणजे मोहफुले, हिरडा, डिंक, लाख, मध, पाने, मुळे, दुसऱ्या बाजूला पडले. या दुसऱ्या बाजूला ‘मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस’ हे नाव मिळाले. तुलना होती ती सरकारी महसुलाची. जंगलात राहणाऱ्या माणसाच्या पोटाचा हिशेब तिच्यात धरलेला नव्हता.

गावाच्या बाजूने पाहिले तर क्रम उलटा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायची, ती वाळवून वर्षभर खायची आणि विकायची. चारोळीची फळे गोळा करायची. मे महिन्यात तेंदूची पाने तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून फळीवर न्यायचे. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना या भागात वास्ते म्हणतात, भाजीसाठी काढायचे. गोंड, माडिया व इतर वनवासी कुटुंबांचे वर्ष अशा वस्तूंनी बांधलेले असते. सागवानाचा लठ्ठा त्यांच्या उंबरठ्यापर्यंत सहसा येत नाही. जुन्या मध्य प्रांतात, ज्यात त्या वेळचा चांदा जिल्हा मोडत असे, गावकऱ्यांच्या अशा नित्य वापराला ‘निस्तार’ हा शब्द होता. निस्तार म्हणजे तरून जाणे, निभाव लागणे. एकाच मोहफुलाला एका कागदावर ‘निस्तार’ आणि दुसऱ्या कागदावर ‘गौण’ म्हटले गेले, यात दोन्ही बाजूंची दृष्टी दिसून येते.

यादीतून बाहेर आणि आत

या संज्ञेचे महत्त्व १९९६ मध्ये अचानक बदलले. पंचायतविषयक तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणाऱ्या, ‘पेसा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय कायद्याच्या कलम ४ मध्ये ‘मायनर’ हे विशेषण तीन वेगळ्या नामांना लागलेले आहे: जलसाठे, खनिजे आणि वनोपज. लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे, गौण खनिजांच्या पट्ट्यांसाठी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची पूर्वशिफारस आवश्यक, आणि गौण वनोपजाची मालकी ग्रामसभा व पंचायती यांच्याकडे, असे त्याचे सार आहे. गडचिरोली जिल्ह्याचा मोठा भाग आणि चंद्रपूर जिल्ह्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. एरवी कमीपणा दाखवणारे विशेषण येथे हक्काची सीमारेषा बनले. जे गौण ते गावाचे. जे गौण नाही ते सरकारचे. साहजिकच, कोणती वस्तू गौण म्हणायची हा वादाचा विषय झाला.

महाराष्ट्राने १९९७ मध्ये गौण वनोपजाची मालकी हस्तांतरित करणारा कायदा केला, पण तेंदूपाने आणि बांबू या दोन वस्तू त्यातून वगळल्या. तेंदूचा व्यापार १९६९ च्या राज्य कायद्यापासून सरकारच्या नियंत्रणाखाली होता, आणि बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा कच्चा माल होता. तेंदूचे पान हे लाकूड नव्हे हे लहान मुलालाही कळते. तरीही त्याला गौण म्हणण्यास राज्य तयार नव्हते. जी वस्तू अधिक पैसा देते ती गौणांच्या यादीत राहत नाही, असा या वर्गीकरणाचा अलिखित नियम दिसतो.

बांबूच्या बाबतीत अडचण अधिक गुंतागुंतीची होती. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत आहे. गहू, भात आणि ऊस यांच्याच कुळातले. पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताड, बांबू, खुंट, झुडपे व वेत यांचा समावेश केलेला होता, आणि ‘इमारती लाकूड’ या संज्ञेत तोडलेली किंवा पडलेली झाडे येत होती. या दोन व्याख्या जोडल्या की उभे गवत झाड होते आणि तोडलेले गवत इमारती लाकूड होते. व्याख्येत ‘समावेश होतो’ असे म्हटले की कायदा काय करू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने उलट व्याख्या केली. इमारती लाकूड सोडून वनस्पतींपासून मिळणारे सर्व वनोपज ‘गौण’ ठरवून त्यात बांबूचा स्पष्ट उल्लेख केला. शिवाय वेत, टसर, कोष, मध, मेण, लाख, तेंदूपाने, औषधी वनस्पती, मुळे व कंद यांचीही नावे घातली. (मध, मेण, लाख आणि टसर ही कीटकांची उत्पादने आहेत, वनस्पतिजन्य म्हणून त्यांची नोंद व्हावी ही गंमतच. पण हक्क देणाऱ्या व्याख्येत अशी चूक कोणी दुरुस्त करू नये.) अशा वनोपजाची मालकी, ते गोळा करणे, वापरणे व विकणे हे हक्क कायद्याने मान्य केले.

मेंढा (लेखा) आणि बांबू

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेसाठी प्रसिद्ध आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या प्रयोगाशी जोडलेली आहेत. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण हक्काचा कागद हाती आला तरी बांबू बाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागत होता, आणि तो वनखाते देत नव्हते. बांबू हे १९२७ च्या कायद्याने लाकूड आहे, असा खात्याचा पक्ष. २००६ च्या कायद्याने ते गौण वनोपज आहे, असा ग्रामसभेचा. दोघांच्याही हाती संसदेच्या ग्रंथालयात शेजारी ठेवता येतील असे अधिकृत कायदे होते.

२१ मार्च २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानावे असे कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी मेंढा येथे रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. परवाना देण्याचा अधिकार प्रथमच ग्रामसभेकडे गेला. सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन ही व्यवस्था नियमात आली. २०१४ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रांपुरता बांबू व तेंदू यांचा समावेश गौण वनोपजात झाला. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने १९२७ च्या कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द काढण्यात आला. तो शब्द त्या व्याख्येत नव्वद वर्षे होता.

मालकी मिळाली म्हणून प्रत्येक गावाने विक्रीच केली असे नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या गावाला २०१२ मध्ये सुमारे १,००६ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबू काढून विकण्यास सुरुवात केली, परंतु तेंदूपाने तोडणे बंद केले. चांगली पाने यावीत म्हणून तेंदूच्या फांद्या छाटल्या जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. त्यामुळे झाडाला फळ धरत नाही आणि तेंदूचे फळ हे माणसांचे व पाखरांचे खाद्य आहे, असा गावाचा विचार होता. दोन्ही वस्तू कायद्याच्या दृष्टीने सारख्याच गौण. गावाने त्यांत आपला वेगळा क्रम लावला. कोणत्या मापाने लहान-मोठे ठरवायचे, हा तुलनावाचक शब्दात दडलेला प्रश्न येथे ग्रामसभेत चर्चेला आला, हे या उदाहरणाचे विशेष होय.

गौण खनिज

१९५७ च्या खाण व खनिज अधिनियमात बांधकामाचा दगड, खडी, साधी माती, साधी वाळू आणि केंद्र सरकार अधिसूचित करील ती इतर खनिजे ‘गौण’ म्हटली आहेत. त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्याकडे असून महाराष्ट्रात २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत. १० फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्राने आणखी ३१ खनिजे या वर्गात घातली. एका दिवसात ती मोठ्यांची गौण झाली. या वर्गाचा खनिजाच्या गुणधर्माशी संबंध नाही, ते कोणाच्या अधिकारात आहे याच्याशी आहे.

‘गौण’ म्हणून परिणामही गौण, असा समज दीर्घकाळ होता. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून कमी क्षेत्रातील गौण खनिजांच्या पट्ट्यांनाही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरवली. वैनगंगेची वाळू जेथून उचलली जाते त्या काठच्या विहिरींना हा निर्णय समजावून सांगावा लागत नाही.

याउलट चंद्रपूर परिसरातील कोळसा आणि गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज ही गौण नाहीत. त्यामुळे ‘पेसा’तील पूर्वशिफारशीची तरतूद गावाच्या मुरमाला लागू होते, पण गावामागच्या लोखंडाच्या डोंगराला त्याच शब्दांत लागू होत नाही.

पर्यायी संज्ञा

‘गौण वनोपज’ या संज्ञेतील कमीपणा टाळण्यासाठी ‘अकाष्ठ वनोपज’ हा शब्द सुचवला जातो. तो तटस्थ आहे, पण त्यातही मोजमाप काष्ठाचेच राहते. जे लाकूड नाही ते, एवढेच तो सांगतो. नुसते ‘वनोपज’ म्हणणे सोपे, परंतु कायद्यातील हक्क ‘गौण’ या विशेषणाला चिकटलेले असल्यामुळे ते गाळले तर अर्थाबरोबर हक्कही गळण्याची भीती असते. म्हणून ग्रामसभांचे ठराव, लिलावाच्या जाहिराती आणि वाहतूक परवाने यांवर ‘गौण वनोपज’ हीच अक्षरे काळजीपूर्वक लिहिली जातात.